इम्रानला वर्गात येऊ द्या

उर्दूच्या प्रत्येक जलशात एकच रडगाणे: मुले वाचत नाहीत. अहो, पण त्यांच्या हातात देता काय? नसीहत आणि नीतिकथा. इब्ने सफींच्या इम्रानला शाळेच्या कपाटात जागा नाही, कारण ते म्हणे 'अदब' नव्हे!

१९५५ साली 'खौफनाक इमारत'मधून आलेला हा जासूस वेड्यासारखा बोलतो, च्युइंगम चघळतो, घरात सुलेमान या खानसाम्याशी हुज्जत घालतो. पुढे तोच सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख 'एक्स-टू' होतो आणि हाताखालच्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. त्याला मूर्ख समजणारे गुन्हेगार शेवटी फसतात. आमचे समीक्षकही तसेच फसले. स्वस्त कागद पाहिला, आतली साफ, धावती उर्दू पाहिलीच नाही.

मराठीने तरी वेगळे काय केले? बाबूराव अर्नाळकरांनी घराघरांत वाचक घडवले. त्यांनाही उंबऱ्याबाहेरच ठेवले.

गालिबपर्यंत जायला जिना लागतो. पहिली पायरी तोडायची आणि पोरे वर चढत नाहीत म्हणून ओरडायचे, हा कुठला न्याय? शिक्षकांनो, उद्या इम्रानचे एक पुस्तक वर्गात न्या. मुले हसू लागली, तर समजा वाचू लागली.