पट्टीतला धर्मादा

मोंढ्यातल्या जुन्या हिशेबपट्ट्या कुणाच्या माळ्यावर सापडल्या तर एकदा वाचून बघा. वर शेतकऱ्याचं नाव, गाव, मालाचं वजन, भाव. खाली वजावटी : अडत, हमाली, तोलाई. आणि पुष्कळदा सगळ्यांत शेवटी एक बारीक ओळ, धर्मादा. माझे चुलते नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या मोंढ्यात मुनीम होते. ही ओळ लिहिताना त्यांचा हात कधी अडखळला नाही, आणि शेतकऱ्यानेही तिच्यावरून कधी हुज्जत घातली नाही. हमालीवरून घालायचा, काट्यावरून तर हमखास. धर्मादा देवाच्या नावाने जायचा, तिथे तोंड उघडायची सोय नव्हती.

उघडायला हवं होतं. पैसा शेतकऱ्याच्या तुरीचा, आणि धर्मशाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी शेठजींच्या वडिलांच्या नावाची, असा तो मामला होता. कायदा करणाऱ्यांनाही ही खोड ठाऊक असावी. मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये कलम ५४ हे खास धर्मादाय रकमेसाठीच आहे. व्यापाराच्या रिवाजाप्रमाणे सौद्यात धर्मादा म्हणून जे कापलं जाईल, त्याचा मालक व्यापारी नव्हे. तो फक्त विश्वस्त, आणि वर्ष संपल्यावर त्याने धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यायचा. पुढे १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात हेच प्राप्तिकराच्या अंगाने सांगितलं. गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून घेतलेला पैसा गिरणीचं उत्पन्न धरता येणार नाही, कारण तो तिचा कधी नव्हताच.

आता इतकी खोड काढल्यावर त्या ओळीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तिच्यात दोन गुण होते. ती सौद्यावर बसलेली होती, नफ्यावर नाही. दुकान त्या वर्षी बुडालं तरी जेवढा माल काट्यावर चढला तेवढा धर्मादा निघालाच. आणि ज्या गावात कापला गेला, त्याच गावात किंवा फार तर पंचक्रोशीत तो खर्च व्हायचा. पाणपोई कुठे आहे, गोशाळेत गाई किती आहेत, हे शेतकऱ्याला बाजाराच्या दिवशी डोळ्यांनी दिसे. व्यापार आणि गाव एकमेकांच्या नजरेत असले म्हणजे काय होतं, याचं मोठं उदाहरण आमच्याकडे देगलूर महाविद्यालय. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव अडत व्यापारी शिक्षण संस्था. बाहेरगावच्या माणसाला हे नाव ऐकून गंमत वाटते. सोयाबीनचा आणि बी.ए.चा संबंध काय, असं विचारतात. संबंध असा की सीमेवरच्या या तालुक्यातलं पोर शिकायचं तर कुठे जाणार, हा प्रश्न ज्यांच्या दुकानासमोरून रोज जात होता, त्यांच्या नावाने ही संस्था उभी आहे. त्या कॉलेजात शिकलेली माणसं आज नांदेड, लातूर, हैदराबादेत सापडतात.

आज देगलूरचा पैसा कसा फिरतो? सोयाबीनचा भाव लातूरच्या तेल कारखान्यांचा, तो सकाळीच मोबाईलवर येतो. काटा इलेक्ट्रॉनिक. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड, आणि मी किती रुपयांचा चहा प्यालो हे साऱ्या रस्त्याला ओरडून सांगणारा डबा. यातलं बरंच मला मनापासून आवडतं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला टक्केवारी मोजावी लागत नाही, सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातात पडत नाहीत. पण बूट, मोबाईल, साड्या, इतकंच काय पण पूजेचं साहित्यसुद्धा आता खोक्यात येतं. ते विकणाऱ्याचं दुकान गावात नाही, गोदाम नाही, मुनीम नाही. गावात असतो फक्त खोकं पोचवणारा पोरगा.

तोही पुष्कळदा गावात नसतो. राष्ट्रीय महामार्ग १६१ ने मदनूर गाठलं की तेलंगण, आणि १९५६ पर्यंत आमची राजधानीच हैदराबाद. त्यामुळे काम शोधायला पुण्याआधी हैदराबाद आठवतं. आमच्या गल्लीतली पोरं तिथे दुचाकीवर जेवणाचे डबे आणि किराणा पोचवतात. त्यांचा मुकादम मोबाईलच्या आत बसलेला. दर का घटला, काम का बंद झालं, हे विचारायचं कुणाला ते कळत नाही. मोंढ्यातल्या हमालाची पाठ मोडायची हे खरं, पण महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि हमाली देणाऱ्याने मजुरीवर आणखी लेव्ही भरायची, त्यातून मंडळाने भविष्य निर्वाह निधीपासून बाकीचं बघायचं, अशी सोय लावली. मालक रोज बदलला तरी लेव्ही कामाबरोबर चालते. अॅपवर काम करणाऱ्यांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात हीच युक्ती आहे : प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिताही, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, अशा कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के मागते, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची मर्यादा ठेवून. उलाढालीच्या, नफ्याच्या नव्हे. धर्मादा लिहिणाऱ्या आमच्या चुलत्यांना हे लगेच पटलं असतं.

दानाच्या बाबतीत मात्र कायदा नफ्याकडे वळला. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावेत. १ एप्रिल २०१४ पासून हे चालू आहे आणि त्यातून देशात चांगली कामं झाली आहेत. पण अनेक ऑनलाइन कंपन्या वर्षानुवर्षं तोट्याचा ताळेबंद मांडत आल्या. नफाच नाही तर दोन टक्के कशाचे काढणार? शिवाय त्याच कलमात लिहिलंय की कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावं. कारखाना असता तर परिसर धुराड्यावरून ठरला असता. खोकी विकणाऱ्या कंपनीचा परिसर कोणता? तिचं मुख्यालय असलेलं शहर, की जिथे तिची खोकी फुटतात ती गावं? सध्या उत्तर पहिल्या बाजूला झुकतं. उरलं सुरलं आकांक्षित जिल्ह्यांकडे वळतं; महाराष्ट्रात ते चार, नंदुरबार, वाशिम, धाराशिव आणि गडचिरोली. नांदेड त्यात नाही. लातूरही नाही.

बाहेरून येणाऱ्या दानाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर देशभरातून मदत आली, भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. ते दान होतं, हिशेब नव्हता, आणि तसंच ते असायला हवं. मी बोलतोय ते हिशेबाबद्दल.

कारण हिशेब आता अवघड राहिलेला नाही. देगलूरचा पिनकोड ४३१७१७ टाकल्यावर कंपनीला पैशापर्यंत कळतं की या गावाने या महिन्यात काय काय घेतलं. सरकारलाही हे तत्त्व नवं नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याकडे जातो, कारखाना कुठल्या राज्यात आहे याला अर्थ नाही. कर गिऱ्हाइकाच्या मागे येऊ शकतो, तर सामाजिक खर्चाचा एखादा हिस्सा का येऊ नये? विक्रीवर बसवलेला, कंपनीच्या पदरचा, पिनकोडानुसार वाटलेला. यात शेठजींची जुनी चूक करायची नाही, म्हणजे बिलात खाली आणखी एक ओळ वाढवून तो गिऱ्हाइकाच्या खिशातून काढायचा नाही.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे. असं वाटप केलं तर पुण्या-मुंबईचे पिनकोड जास्त खरेदी करतात म्हणून जास्त नेतील. नेतील. आजही नेतातच, फरक इतका की देगलूरच्या वाट्याला काय, असं विचारायला आज आकडाच नाही. आणि दरडोई उत्पन्नाची कात्री लावून हे वाटप फिरवता येतं, वित्त आयोग राज्यांच्या बाबतीत असली गणितं करतोच.

पैसा आला तर देगलुरात तो कुणी खर्चायचा यावरून भांडण होणार हेही दिसतंय. नगर परिषद म्हणेल आमच्याकडे द्या, शिक्षण संस्था म्हणेल आमच्याकडे, सप्ताहवाले अन्नदानाचा मुद्दा काढतील, आणि कुणीतरी कमानीचा प्रस्ताव आणेलच. मी ग्रंथालयाच्या आणि हैदराबादेतून परतणाऱ्या पोरांच्या बाजूने बोलणार आहे. बैठकीचं बोलावणं आलं नाही तरी जाणार आहे.