सुट्ट्यांची यादी जूनमध्ये, गाळपाची तारीख सप्टेंबरात. ऊसतोड्यांच्या पोरांची शाळा मध्येच अडकते

दिवाळीची सुट्टी कधी लागणार, हा प्रश्न गणपती उठले की गावोगावच्या ग्रुपवर सुरू होतो. उत्तर मात्र शाळा उघडतानाच ठरलेलं असतं. उन्हाळी सुट्टी कधी लागणार आणि जूनमध्ये शाळा कधी उघडणार, हे पुण्याहून शिक्षण संचालनालय परिपत्रक काढून कळवतं. त्यानंतर जिल्हा परिषदेत वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी तयार होते. प्राथमिकची यादी प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांची, हायस्कूलची माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांची. त्यामुळेच कधी कधी एकाच घरातला धाकटा घरी असतो आणि थोरल्याची शाळा चालू असते.

यादीला मर्यादा आहे. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षाच्या सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ शकत नाहीत, त्यात रविवार धरलेले नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे किमान २०० आणि सहावी ते आठवीचे २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. या हिशोबात पोळा, गौरी-गणपती, दिवाळी, उन्हाळा सगळं बसवायचं. गावच्या जत्रेसाठी मुख्याध्यापकांच्या हातात एखाद-दोन दिवस असतात, तेवढेच.

पण तारखा हलत नाहीत असं नाही. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून गणपतीला किंवा नाताळला देता येते, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कोकणात गणपतीची सुट्टी मोठी असते ती याच सोयीतून. विदर्भात ऊन जास्त म्हणून शाळा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र १६ जूनला शाळा उघडल्या, विदर्भात २३ जूनला. म्हणजे सण आणि ऊन यांच्यासाठी वेळापत्रक वाकतं. कोयत्यासाठी वाकत नाही.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर, पाटोदा, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांत आणि शेजारच्या पाथर्डीत हा मुद्दा सांगावा लागत नाही. दसरा झाला की मुकादमाचे फोन सुरू होतात. दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा तांड्यावरचा निम्मा वर्ग सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेला असतो. पोरं परत येतात ती मार्च-एप्रिलात.

कारखाने कधी सुरू करायचे हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते, साधारण सप्टेंबरात. २०२४ चा हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला, २०२५ चा १ नोव्हेंबरपासून. दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक. शाळेची यादी तोवर छापून वर्गात लागलेली असते. साखरेचा निर्णय एका खात्याचा, शाळेचा दुसऱ्या खात्याचा, आणि या दोन तारखा शेजारी ठेवून बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

कायद्यात मात्र लिहिलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे गावासाठी जिल्हा परिषदेची, कामं दिली आहेत. शाळेचं वर्षाचं वेळापत्रक ठरवणं हे त्यातलं एक. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे दुसरं. दोन्ही एकाच कलमात आहेत. प्रत्यक्षात पहिलं काम सणांची यादी करण्यापुरतं उरलं आहे.

सुट्टी वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, हे उघड आहे. पाच महिन्यांची सुट्टी कुठल्याच नियमात बसत नाही, आणि बसूही नये. तारखा जुळवायच्या त्या दुसऱ्याच. पहिल्या सत्राची परीक्षा टोळ्या निघायच्या आत व्हावी. आणि हंगामी वसतिगृह पहिला ट्रक गाव सोडतो त्या दिवशी सुरू झालेलं असावं. आई-बाप गेल्यावर पोरगं आजीजवळ राहून शाळेत जावं म्हणून ही योजना आहे. पण मंजुरी उशिरा येते ही पालकांची जुनी तक्रार. वसतिगृह महिनाभराने सुरू झालं तर पोरगं तोवर फडात पोचलेलं असतं, तिथून ते एकटं परत कसं येणार?

वर्षाच्या शेवटी गुंता आणखी वाढतो. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा लांबल्या. पत्र्याच्या वर्गात एप्रिलचं ऊन म्हणजे काय, हे मराठवाड्याला माहीत आहे, त्यामुळे शिक्षक-पालकांचा विरोध रास्तच होता. पण मार्चअखेर फडातून परतलेल्या पोराला याच लांबलेल्या तारखांमुळे परीक्षेला बसता येतं. परीक्षा लवकर घ्या म्हणणाऱ्यांनी हेही धरून बोलायला हवं. सकाळची शाळा हा निदान मधला मार्ग आहे.

गावाच्या हातात काय आहे? शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पाऊणभर सदस्य पालकच असतात. किती घरं कधी निघणार हे समितीला अधिकाऱ्यांच्या आधी कळतं. ती आकडेवारी आणि वसतिगृहाची मागणी ठरावात घालून ऑगस्टमध्येच केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली, तर दिवाळीपर्यंत मंजुरीला वेळ राहतो. ठरावाची पोच घ्यावी. आणि ज्यांना पोरं सोबत न्यावीच लागतात, त्यांनी निघण्याआधी गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की पोराला त्याच इयत्तेत बसवून घेतात.