पाटी उतरली, पण पेढी उठली का?

शेअर दलालावर बंदी आली की तो बाजारातून गेला, असे आपण मानतो. केतन पारेख यांची कारकीर्द पाहिली की या समजुतीला तडा जातो.

शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट, घराणे दलालांचे. १९९९-२००० च्या तेजीत त्यांनी उचलून धरलेले संगणक, दूरसंचार व माध्यम कंपन्यांचे शेअर 'के-१०' म्हणून ओळखले जात. पैसा मात्र पुष्कळसा परका होता. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या पे-ऑर्डर मुंबईत बँक ऑफ इंडियाने वटवल्या आणि मार्च २००१ मध्ये त्यांतल्या १३७ कोटींच्या न वटता परत आल्या. माधवपुरा कोसळली. तिच्याकडे पैसे ठेवणाऱ्या गुजरातेतल्या लहान नागरी बँकाही अडचणीत आल्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात एक शेअर घेतला नव्हता, त्यांच्या ठेवी अडकल्या! २०१२ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला.

'सेबी'ने २००३ मध्ये पारेख यांच्यावर १४ वर्षांची बाजारबंदी घातली. ती २०१७ मध्ये संपली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये 'सेबी'चा नवा आदेश निघाला. आरोप असा की, परदेशातला एक बडा गुंतवणूकदार काय घेणार-विकणार याची खबर सिंगापूरमार्गे मिळवून, त्याच्या आधीच इतरांच्या खात्यांतून सौदे केले गेले. खानावळवाला उद्या शंभर किलो कांदा घेणार हे आज कळले, तर आजच कांदा भरून उद्या त्यालाच चढ्या भावाने विकायचा, तसला हा प्रकार. 'सेबी'ने २२ जणांकडून ६५.७७ कोटी रुपये अटकावून ठेवण्यास फर्मावले. आदेश अंतरिम होता. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तरीही प्रश्न राहतो. नोंदणी तपासून सामान्य गुंतवणूकदाराला नेमके काय कळते? ज्याच्यामार्फत शेअर घ्यायचे त्या दलालाचा नोंदणी क्रमांक 'सेबी'च्या संकेतस्थळावर सापडतो, आणि तो जरूर पाहावा. परंतु बंदी नावावर असते. ओळखीपाळखी, बाजाराची नाडी आणि फोन यांवर ती चालत नाही. 'सेबी'च्या म्हणण्याप्रमाणे, या प्रकरणातल्या मंडळींच्या फोनमध्ये पारेख यांचे क्रमांक 'जॅक', 'जॉन', 'बॉस', 'भाई' अशा नावांनी जपलेले होते. दलालांच्या कोणत्या यादीत हे 'भाई' सापडणार?