टायर फुटला की फुटू दिला?

मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ सालचा एक निकाल सातारा-सांगलीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवा. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचं मागचं चाक फुटलं, गाडी दरीत कोसळली, आत बसलेला एक जण गेला. घरातला कमावता तोच. मोटार अपघात न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली, तर विमा कंपनी अपिलात गेली. त्यांचं म्हणणं काय? टायर फुटणं ही देवाची करणी, त्याला ड्रायव्हर काय करणार!

हायकोर्टाने हे मान्य केलं नाही. टायर फुटायला कारणं असतात. जास्त वेग, हवा कमी किंवा जास्त असणं, जुने वापरलेले टायर, तापमान. निघण्याआधी टायर बघणं हे ड्रायव्हरचं किंवा मालकाचं काम आहे. तेव्हा ही नैसर्गिक आपत्ती नाही, माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं आणि अपील फेटाळलं.

आता आपल्याकडच्या अपघाताच्या बातम्या आठवा. 'टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.' संपली बातमी. पंचनाम्यातही तेच, गावातल्या चर्चेतही तेच. टायर किती जुना होता, त्यात हवा किती होती, गाडीत माणसं किती होती, हे विचारायला कुणी जात नाही. आणि कधी कधी तर टायर फुटलेलाच नसतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली, २५ प्रवासी गेले. पहिलं कारण हेच सांगितलं गेलं, टायर फुटला. आरटीओच्या अहवालात मात्र टायर फुटल्याची खूणच सापडली नाही. इतकं हे कारण आपल्या तोंडात बसलंय.

त्याच वर्षी समृद्धीवर आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरवाल्या गाड्या अडवल्या. चांगलं झालं. पण टायर नवा असला म्हणजे सुटलो असं नाही, आणि मला आज नेमकं त्यावरच बोलायचंय.

आपल्याकडं माणूस वीस-पंचवीस हजार घालून चार नवे टायर टाकतो. घासाघीस करतो, अलाइनमेंट फुकट पाडून घेतो. पण हवा किती भरली, हे विचारत नाही. टायर रिमवर नीट बसावा म्हणून दुकानात सुरुवातीला जास्त हवा मारतात, ती नंतर कमी करायची असते. गर्दीत ते राहून जातं. मग गाडी चाळीस-पंचेचाळीसवर फिरते आणि मालक म्हणतो, नवीन टायर जरा कडक लागतायत, होतील सैल. होत नाहीत हो. जास्त हवेचा टायर रस्त्याला मधल्या पट्ट्यावरच टेकतो, मध्येच झिजतो, आणि पहिल्या पावसात खंबाटकीच्या उतारावर ब्रेक मारला की गाडी घसरत जाते.

मग योग्य आकडा कुठला? तो दुकानदाराच्या डोक्यात नसतो, आणि टायरच्या कडेवरही नसतो. कडेवर जो 'मॅक्स प्रेशर' छापलेला असतो, ती त्या टायरची शेवटची हद्द. खरा आकडा तुमच्या गाडीच्या कंपनीने दिलेला असतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर किंवा दाराच्या कडेला स्टिकर दिसेल. काही गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड असतो. नवे टायर कुठल्याही कंपनीचे घ्या, साईज मूळचीच असेल तर आकडा तोच. रुबाबासाठी मोठे टायर टाकले असतील, तर त्या टायरची भार पेलायची क्षमता दुकानदाराकडून लिहून घ्या.

त्या स्टिकरवर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, हे कुणी वाचत नाही. एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. जोतिबाला किंवा गोंदवल्याला सात माणसं, वर डिकीत पिशव्या, असं निघताना मागच्या चाकांना दुसरा आकडा लागतो. आपण मात्र चारी चाकांना 'तीस मार' म्हणून मोकळे.

आणि तो उन्हाळ्याचा सल्ला! 'मे महिना आहे, हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेव, गरम होऊन फुटेल.' मिरजेपासून फलटणपर्यंत कुणीही हे शपथेवर सांगेल. हे उलटं आहे, आणि यातच माणसं मरतात. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, वाकते, त्यातून उष्णता तयार होते. टायर आतून शिजतो. पेठ नाक्यावरून हायवेला लागून शंभरच्या वेगाने सातारा गाठायचं म्हटल्यावर ते चाक कुठं दगा देईल सांगता येत नाही. चालून टायर तापला की हवा तीन-चार पीएसआय वाढते, हे कंपनीने धरलेलंच असतं. म्हणून हवा मोजायची ती सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना. तासवडे टोलनाक्याजवळ थांबून, तापलेल्या टायरमधली हवा सोडणारे लोक मी बघतो, तेव्हा खरंच काळजी वाटते.

नायट्रोजनचं थोडक्यात सांगतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. भरायचा तर भरा, तोटा नाही, पण भरला म्हणून सहा महिने बघायचंच नाही, असं होत नाही. टायरमधून महिन्याला थोडी हवा आपोआप जातेच.

आता मुद्द्याचा प्रश्न. सकाळी थंड टायर घेऊन माणसाने जायचं कुठं? तेल कंपन्यांच्या नियमांनुसार पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळाली पाहिजे, पिण्याच्या पाण्यासारखी, स्वच्छतागृहासारखी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले पंप आठवून बघा. कुठं मशीन पोत्याखाली झाकलेलं, कुठं नळी फाटलेली, कुठं 'पोरगा दहाला येतो'. एका पंपावर तर मला सांगितलं, हवा पाहिजे तर आधी डिझेल टाका. पेट्रोलचं माप संशयास्पद वाटलं तर पाच लिटरचं माप मागायचं, हे आता लोकांना कळलंय. हवेचा गेज बरोबर दाखवतोय का, हे कुणी विचारत नाही. बत्तीस दाखवणारा गेज प्रत्यक्षात सव्वीस भरत असेल, तर हायकोर्टाच्या निकालातला निष्काळजीपणा कुणाच्या माथी मारायचा?

रस्ता सुरक्षा अभियानात हेल्मेट रॅली निघते, फोटो छापून येतात. आरटीओ, पुरवठा खातं आणि तेल कंपन्यांनी एकदा फक्त एवढं करावं: पुणे-बंगळूर हायवेवरच्या आणि सांगली-पेठ रोडवरच्या प्रत्येक पंपाचं हवेचं मशीन चालू आहे का आणि गेज बरोबर आहे का, ते तपासून यादी जाहीर करावी. खर्च जवळजवळ शून्य.

तोवर शे-दोनशे रुपयांचा गेज डिकीत ठेवा. आणि तुमच्या जवळच्या पंपावर हवा मिळते का, मशीन चालू आहे का, ते गावाच्या नावासह खाली लिहा. हवा नाकारली असेल तर पंपावर तक्रार पुस्तक मागा, त्यात लिहा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. पुरेसे फोटो जमले की दोन्ही जिल्ह्यांच्या कलेक्टर ऑफिसला घेऊन जातो.