अंतकाळाचें गणित

स्मृति गेली म्हणजे नांवें व चेहरे तेवढे विसरतात, असा आपला समज असतो. परंतु पुढें पुढें घास गिळण्याची क्रियाहि बिघडते. अन्नपाणी श्वासनलिकेंत उतरतें आणि न्यूमोनिया जडतो.

अमेरिकेंत बॉस्टनच्या परिसरांतील २२ शुश्रूषागृहांत, स्मृतिभ्रंश पराकोटीस पोंचलेल्या ३२३ रहिवाशांवर वैद्यांनीं १८ महिने लक्ष ठेविलें. त्याचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया झालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४७ जण सहा महिन्यांच्या आंत वारले. हॉलंडांतील संशोधकांनीं तर श्वासाची व नाडीची गति, श्वासाचे कष्ट, शुद्धीची मंदता, पोटांत जाणारें पाणी, अशा शय्येपाशींच दिसणाऱ्या लक्षणांवरून नजीकच्या मृत्यूचा धोका अजमावण्याचें कोष्टक बसविलें.

‘मृत्यूचें गणित कसलें मांडतां? अभद्र!’ असें घरचीं वडील माणसें म्हणतील. हें गणित समुदायाचें आहे; एकट्या रोग्याचा दिवस तें सांगत नाहीं, हें खरेंच. तथापि बॉस्टनच्या त्याच वृत्तांतांत असें आढळलें कीं, ज्यांच्या आप्तांस दुखण्याचें पुढील स्वरूप नीट उमगलें होतें, त्या रोग्यांस अखेरच्या तीन महिन्यांत रुग्णालयाच्या खेपा, नळीनें अन्न घालणें इत्यादि यातना कमी भोगाव्या लागल्या.

म्हणून वैद्यास ‘बरे होतील ना?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘न झाल्यास त्यांचे क्लेश कसे कमी करावे?’ हेंहि विचारावें. आणि त्याचा विचार भावाभावांनीं दुखणें येण्यापूर्वींच एकत्र बसून करावा. तीहि सेवाच होय.