शब्दाचा नाद : पिंग

‘काम झालं की मला पिंग कर.’ हे वाक्य आता ऑफिसातून थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलं आहे. आजी विचारते, ‘पिंग म्हणजे काय गं?’ चला, आज त्याचंच उत्तर शोधू.

त्यासाठी आधी रायपूरच्या सदर बाजारात जाऊ. ही सराफांची जुनी पेठ. छत्तीसगडात चांदीच्या रुपयांची माळ घालायची पद्धत आहे. असा जुना रुपया बोटाच्या टोकावर तोलून हलकेच टिचकी मारा. चांदी चांगली असेल तर बारीक, स्वच्छ आवाज निघतो आणि थोडा वेळ घुमत राहतो. शिशासारख्या मऊ धातूचं खोटं नाणं ‘बद्द’ वाजतं, कारण मऊ धातू कंपनं गिळून टाकतो. (नुसत्या आवाजावर खरेदी मात्र करू नका, वजन आणि कस तपासूनच घ्या!)

त्या स्वच्छ आवाजाला आपण म्हणतो ‘खण्ण’. इंग्रज म्हणतो ‘पिंग’.

म्हणजे ‘पिंग’ हा आवाजाची नक्कल करणारा, नादानुकारी शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात तो बंदुकीच्या गोळीच्या आवाजासाठी वापरला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला जोडीदार मिळाला आणि ‘पिंग-पाँग’ झालं. हे नाव लंडनच्या एका कंपनीने आपल्या नावे नोंदवून घेतलं, म्हणून खेळाचं अधिकृत नाव ‘टेबल टेनिस’ राहिलं.

पुढे शब्द समुद्रात उतरला. पाणबुडी शोधणारं सोनार यंत्र पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं. त्या ठोक्यालाही ‘पिंग’ म्हणू लागले. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. प्रतिध्वनी 2 सेकंदांनी परतला, तर जाऊन-येऊन 3000 मीटर. म्हणजे वस्तू 1500 मीटरवर.

1983 मध्ये अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो दुसऱ्या संगणकाला हाक मारतो, ‘आहेस का?’ समोरचा तोच मजकूर परत पाठवतो, ‘आहे.’ म्यूस यांनी सोनारवरूनच त्याचं नाव ‘पिंग’ ठेवलं. ‘पिंग’ हे मोठ्या नावाचं लघुरूप आहे असं अनेक जण सांगतात, पण ते लांबलचक नाव नंतर जोडलेलं आहे. तिथून शब्द बोलण्यात आला : पिंग कर, म्हणजे निरोप टाक.

मराठीचा खजिना तर याहून मोठा. आपण आवाजावरून नुसतं नाव देत नाही, पारखही करतो. स्पष्ट बोलणं खणखणीत, निरोगी माणूस ठणठणीत, आणि खिसा रिकामा असला की ठणठण गोपाळ! जयवंत दळवी यांनी तर ‘ठणठणपाळ’ या नावाने ‘ललित’मध्ये सदर चालवलं.

आता जरा घरच्या ग्रुपकडे पाहा. आजोबा रोज सकाळी फुलांचं ‘सुप्रभात’ पाठवतात. आपण ते न उघडताच पुसून टाकतो. त्यात बातमी नसते, काम नसते. पण नीट पाहिलं तर ते चोख पिंग आहे. ‘मी आहे. तुम्ही आहात ना?’ एवढंच त्यात असतं. म्यूस यांच्या प्रोग्राममध्ये जे आलं तेच परत पाठवलं की उत्तर पूर्ण होतं. इथेही तसंच. मोठं काही लिहायला नको, उलट ‘सुप्रभात’ पुरतं. आणि एखाद्या सकाळी ते फूल आलंच नाही, तर पिंग नको, सरळ फोन लावा.

या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या सगळ्यांनी मिळून आवाजावरून आलेले दहा मराठी शब्द काढा. सुरुवात आम्ही करून देतो : कुजबुज, झुळझुळ, फटफटी.