दुरुस्तीची पाने

समुद्रप्रवासाच्या लेखनाकडे पाहताना आपली समीक्षा एक गोष्ट न तपासताच मान्य करते: किनारा दृष्टीआड झाला की साहित्य सुरू होते. अथांग पाणी, एकाकी माणूस, वादळ आणि आत्मशोध ही त्याची ठरलेली सामग्री. किनाऱ्याकिनाऱ्याने, खाडीमागून खाडी ओलांडत केलेला प्रवास मात्र दुय्यम ठरतो. त्या प्रवासात नौकेचे तळ खरवडणे, दोर बदलणे, गळती शोधणे यांविषयी जी पाने लिहिली जातात, ती तर वाचक उलटून टाकण्यासाठीच असतात, असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही वाचनाची सवय सदोष आहे. या लेखनातील सत्याचा मोठा वाटा त्या उलटून टाकलेल्या पानांतच असतो.

दीर्घकाळ राहण्याजोग्या कॅटामरानचे उदाहरण घेऊ. मुळात हा शब्द तमिळ आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्यांचा, ओंडके दोराने एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे कट्टुमरम. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजी प्रवासवर्णनांत शिरला आणि पुढे पॉलिनेशियन धर्तीच्या जोडनौकांना चिकटला. रचनेच्या दृष्टीने हे नामांतर चुकीचेच होते, कारण तमिळ तराफ्याला दोन स्वतंत्र तळ नसतात. पण कट्टुमरमची एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. किनाऱ्यावर आल्यावर दोर सोडून ओंडके वाळत ठेवायचे आणि पुन्हा निघताना ते बांधायचे. म्हणजे ही नौका एकदा बांधून पूर्ण होत नाही. बांधणे ही तिची नित्याची अवस्था आहे.

विसाव्या शतकात इंग्लंडच्या जेम्स व्हॅरमने जोडनौकेचा ध्यास घेतला. १९५५-५६ मध्ये त्याने 'टांगारोआ' या स्वतः बांधलेल्या, जेमतेम साडेतेवीस फुटी जोडनौकेतून अटलांटिक ओलांडला. त्रिनिदादमध्ये 'रोंगो' ही दुसरी नौका बांधली आणि १९५९ मध्ये तिच्यातून उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केला. पुढे त्याने आराखडे विकले आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्यांवरून नौका बांधल्या. त्याच्या अनेक आराखड्यांत दोन तळांना जोडणाऱ्या तुळया बोल्टने आवळलेल्या नसतात, त्या दोराने बांधलेल्या असतात. त्यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. लाकडात रुतलेला बोल्ट आतल्या आत गंजतो आणि तुटेपर्यंत कळू देत नाही. दोर झिजतो तो डोळ्यांदेखत. तो तपासता येतो आणि वेळेवर बदलता येतो. झीज लपवण्यापेक्षा ती वाचता येईल अशी ठेवणे हे एक मूल्य आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नसावी.

अशा नौकेवरचे जगणे हे वजनाचे गणित असते. जोडनौकेला जड शिशाचा कणा नसतो. तिचे स्थैर्य रुंदीतून येते, त्यामुळे पाणी, इंधन, पुस्तके, हत्यारे असे जे जे चढवावे त्याची किंमत वेगात आणि सुरक्षिततेत मोजावी लागते. सुकाणू दोन आणि पुष्कळदा इंजिनेही दोन, म्हणून कामही दुप्पट. पाण्याखालच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे ठरावीक काळाने बदलावे लागतात. तळाला चिकटणारे शेवाळ आणि कवचधारी जीव खरवडावे लागतात. मात्र उथळ तळामुळे तिला एक सोय लाभते. भरतीला वाळूवर आणावी, ओहोटीत ती बसते, आणि पाणी परत येण्याआत तळाचे काम उरकावे. येथे चंद्र, चिखल आणि माणूस एकाच वेळापत्रकावर काम करतात. हे वर्णन नीरस वाटत असेल, तर दोष विषयाचा नाही.

नीरसपणाचा आक्षेप तरी गंभीरपणे घ्यायला हवा. दुरुस्तीची यादी म्हणजे साहित्य नव्हे, हे मान्य. परंतु जोशुआ स्लोकम पृथ्वीप्रदक्षिणेच्या आपल्या ग्रंथात (१९००) आरंभीच 'स्प्रे'च्या पुनर्बांधणीचा हिशेब देतो: तेरा महिन्यांचे श्रम आणि ५५३ डॉलर ६२ सेंट. पुढचे ४६,००० मैल आपण त्या हिशेबाच्या विश्वासावर वाचतो. ज्याने खर्च सेंटपर्यंत सांगितला, त्याने वादळही प्रामाणिकपणे सांगितले असेल, असे आपल्याला वाटते.

याची काळी बाजू डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कहाणीत दिसते. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत न थांबता, बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. त्याची तीन तळांची नौका अपुऱ्या तयारीनिशी निघाली आणि गळू लागली. त्याने खोटी स्थाने कळवायला आरंभ केला. मार्च १९६९ मध्ये तो अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरला, कशासाठी, तर दुरुस्तीसाठी. जुलैमध्ये नौका रिकामी सापडली. त्याचे कर्ज, त्याच्या महत्त्वाकांक्षा ही कारणे होतीच. तरीही ज्या नियमात किनारा गाठणे आणि मदत मागणे हाच पराभव ठरतो, तो नियम वीरगाथेच्या वाङ्मयीन संकेतातूनच आला आहे, हे नाकारता येईल का?

हाच संकेत श्रमांची नावेही पुसतो. व्हॅरमच्या १९६९ च्या पुस्तकाचे शीर्षक 'दोन मुली, दोन कॅटामरान' अशा अर्थाचे आहे. रूथ आणि युटा या सहप्रवासिनी तेथे नौकांच्या बरोबरीने मोजल्या गेल्या आहेत. पुढे अनेक दशके आराखडे रेखाटणाऱ्या, सहरचनाकार हान्नेके बून यांचे नाव २०२० च्या आत्मचरित्रावर सहलेखिका म्हणून आले. ते यायला किती काळ जावा लागला, हे तारखाच सांगतात.

आपल्याकडे हे सारे परके नाही. मालवण-रत्नागिरीकडच्या होडीला उलांडी असते. पावसाळ्याआधी नौका शाकारणे हे कोकणात ऋतुचक्राचे अंग आहे. दिलीप दोंदे यांची २००९-१० ची एकट्याने केलेली प्रदक्षिणा आपल्या लक्षात असते. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' घडवण्यात गेलेला त्याआधीचा काळ, वाटेतले चार बंदरांतले मुक्काम, हे मात्र तळटीपेत जाते. वास्तविक नर्मदा परिक्रमेच्या रूपाने, पोहोचण्यापेक्षा काठ न सोडण्याला अर्थ देणारी प्रवासाची कल्पना मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'चा वाचक मुक्कामांना व्यत्यय समजत नाही. मग किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या नौकेचे मुक्काम त्याला व्यत्यय का वाटावेत?

प्रवासवर्णन शिकवताना आपण लेखकाची दृष्टी, भाषा, निसर्गचित्रण यांवर प्रश्न काढतो. त्यांत आणखी एकाची भर घालावी असे सुचवावेसे वाटते: या प्रवासात काय मोडले, ते कोणी जोडले, आणि लेखकाने ते सांगितले का? या प्रश्नावर पुष्कळ गाजलेली पुस्तके गळू लागतील. काही दुर्लक्षित पुस्तके मात्र पाण्यावर राहतील.